दीडशे वर्षांचं गाव, त्यात काय बघायचं?

प्रश्न : ॲरिझोनातल्या चँडलरहून एका वाचक भगिनीचं लांबलचक पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा. सासू-सासरे सोलापूरहून आले आहेत, मार्चअखेरपर्यंत मुक्काम आहे. सासरे, म्हणजे अण्णा, गिरणीतून निवृत्त झालेले. सासूबाई, म्हणजे आई, माळकरी, गुडघ्यांनी बेजार. ग्रँड कॅन्यन, लास वेगस, हूवर धरण बघून झालं. आता दोघं दिवसभर घरात बसून असतात. फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेची जोडून सुट्टी आहे, तेव्हा त्यांना वाळवंटातली जुनी गावं दाखवावीत असं यांच्या मनात आहे. यादीत जेरोम, टूमस्टोन, बिस्बी, टूबॅक, सँटा फे आणि टाओस. नवऱ्याचं म्हणणं, "दीडशे वर्षांच्या गावाला कसला आलाय इतिहास? आपल्या गल्लीतला मारुती त्याहून जुना आहे. ते कंटाळतील." ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर टूमस्टोन पाहून आल्यावर यांनाही ते खोटं-खोटंच वाटलं होतं. शिवाय टाओसच्या आदिवासी गावात, लोकांच्या राहत्या घरांत, तिकीट काढून हिंडणं बरोबर का, हा प्रश्न आहेच. तर तीन दिवसांत कुठली गावं करावीत, की नाद सोडून सरळ आउटलेट मॉल गाठावा?

उत्तर :

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे. हूवर धरणावर सगळे फोटो काढण्यात गुंतलेले असताना अण्णांनी विचारलं, "हे बांधणारी माणसं राहायची कुठे?" कुणालाच सांगता आलं नाही आणि विषय तिथेच राहिला.

आधी त्याचं उत्तर देऊन टाकते, संध्याकाळी चहाच्या वेळी अण्णांना सांगा. धरणाचं काम १९३१ मध्ये सुरू झालं आणि १९३६ मध्ये संपलं. मंदीचे दिवस होते. काम मिळेल या आशेने देशभरातून माणसं येऊन थडकली, तेव्हा राहायची काहीच सोय नव्हती. नदीकाठी रॅगटाउन नावाची वस्ती उभी राहिली. तिथे बायका-पोरांसह तंबूत आणि पत्र्या-पुठ्ठ्यांच्या खोपटांत त्यांनी १९३१चा उन्हाळा काढला. त्यानंतर कामगारांसाठी सरकारने बोल्डर सिटी हे गाव वसवलं. वेगसच्या इतक्या जवळ असूनही तिथे आजतागायत जुगाराला बंदी आहे. काळ्या कामगारांना मात्र त्या गावात घर मिळत नसे. कामावर मेलेल्यांचा सरकारी आकडा ९६ आहे. वेगसहून धरणाकडे जाताना तुम्ही या गावाच्या बाजूनेच गेला असणार.

जो माणूस धरण बघून हा प्रश्न विचारतो तो जुन्या गावांत कंटाळेल, हे कुणी ठरवलं? पत्र दोनदा वाचलं. अण्णांना किंवा आईंना कुठे जायला आवडेल हे कुणी त्यांनाच विचारल्याचा उल्लेख त्यात मला सापडला नाही. आपल्याकडे पाहुण्यांना काय 'दाखवायचं' हे यजमान ठरवतो आणि पाहुणा संकोचाने "छान आहे हो" म्हणतो. तुमच्याकडे सध्या तेच चाललं असावं.

आता यजमानांच्या मुद्द्याकडे वळू. तुमचे यजमान म्हणायचं आहे मला.

नुसतं वयच मोजायचं म्हटलं तरी ते हरतील. टूसॉनच्या दक्षिणेला लागून सॅन हाविएरचं पांढरं चर्च आहे. ते १७८३ ते १७९७ या काळात बांधलं, म्हणजे पुण्यात नाना फडणवीसांचा कारभार चालू असताना. टूबॅकचं स्पॅनिश लष्करी ठाणं १७५२चं. तेव्हा गादीवर नानासाहेब पेशवे होते. न्यू मेक्सिकोत उंच पठाराच्या माथ्यावर ॲकोमा नावाचं गाव आहे, ते निदान बाराव्या शतकापासून वसलेलं आहे. आपल्याकडे यादवांनी देवगिरी उभारली तेही बारावं शतकच. तेव्हा 'अमेरिकेला इतिहास नाही' हे वाक्य ज्याला फक्त गोऱ्यांचा इतिहास दिसतो त्याचं आहे, आणि दुर्दैवाने आपण ते अगदी सहज उचललं आहे.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. वय मोजून इतिहास ठरत असेल तर सोलापूरच्या गिरण्यांचं काय करायचं? सोलापुरातली जुनी मिल १८७७ची. त्याच वर्षी एड शिफेलिन नावाच्या एका भटक्याला दक्षिण ॲरिझोनात चांदी सापडली. "तिथे तुला तुझ्या थडग्याचा दगड तेवढा मिळेल" असं लोक त्याला म्हणाले होते, म्हणून त्याने पठ्ठ्याने खाणीचं नाव टूमस्टोन ठेवलं. म्हणजे टूमस्टोन, बिस्बी, जेरोम ही सगळी गावं गिरणीच्या सोलापूरच्या बरोबरीची आहेत. भोंगा, पाळी, युनियन, टाळेबंदी हे सगळं त्यांनीही पाहिलं आहे. अण्णांच्या आयुष्याला इतिहास म्हणायचं असेल तर बिस्बीलाही म्हणावं लागेल. हे तुम्ही यजमानांना माझं नाव सांगून ऐकवलंत तरी चालेल.

टूमस्टोन तुम्हाला खोटं वाटलं, ते साहजिक आहे. नकली मिशा, नकली बार, फळकुटांच्या फुटपाथवरून खटखट बूट वाजवत फिरणारे डॉक हॉलिडे, म्हणजे त्या काळच्या एका नामांकित बंदूकबाजाची सोंगं. मुळात गावचे पोलीस आणि काउबॉय यांच्यातली ती प्रसिद्ध चकमक २६ ऑक्टोबर १८८१ला झाली ती अर्धा मिनिट, आणि तीसुद्धा ओके कोरल या घोड्यांच्या आवाराच्या आत झाली नव्हती. शेजारच्या मोकळ्या जागेत झाली होती. ही माहिती एका बाजूला. दुसऱ्या बाजूला हेही बघा. खाणींत पाणी भरलं, १८८६च्या आगीत ते उपसणारे पंप गेले, चांदीचा धंदा बसला. १९२९ मध्ये जिल्ह्याची कचेरीसुद्धा बिस्बीला हलली. त्याच वर्षी गावाने आपल्या पन्नाशीचा उत्सव म्हणून 'हेल्डोराडो' सुरू केला, जुन्या मारामाऱ्यांचे देखावे दाखवायला सुरुवात केली. पोटापाण्यासाठी घेतलेलं ते सोंग आता जवळजवळ शंभर वर्षांचं झालं आहे. जितकी वर्षं चांदी चालली त्याच्या कितीतरी पट वर्षं हे सोंग चाललं आहे. त्या नजरेने पाहिलंत तर टूमस्टोन इतकं पोरकट वाटणार नाही. तरी त्याला दोन तास पुरे. त्यातला बराच वेळ १८८२च्या न्यायालयाच्या इमारतीला द्या. तिथे आता संग्रहालय आहे. गोळीबाराचा खेळ अण्णांना बघायचा नसेल तर आग्रह करू नका. आईंना कदाचित आवडेल. देखाव्यांची आवड आपल्याकडे बायकांना गणपतीपासून असते.

तुम्ही जायचं ते बिस्बीला. बाकीची यादी बाजूला ठेवा.

टूमस्टोनपासून चोवीसेक मैलांवर, डोंगराच्या बोगद्यातून बाहेर पडलं की एका घळीत हे गाव भरलेलं दिसतं. सुमारे साडेपाच हजार फूट उंची, आपल्या कळसूबाईच्या शिखराहून थोडी जास्तच. घरं एकमेकांच्या डोक्यावर चढलेली, मधून सिमेंटचे जिने. १८८० मध्ये वसलं, १९७५ मध्ये खाणकाम थांबलं, आणि दरम्यान इथून सुमारे आठ अब्ज पौंड तांबं निघालं. देशात वीज पोचायची होती, तारा लागत होत्या. तुमचे यजमान चिप बनवणाऱ्या कंपनीत आहेत, तांब्याची महती त्यांना मी काय सांगावी.

अण्णांना मात्र एक तारीख सांगा, १२ जुलै १९१७. पहिलं महायुद्ध चालू होतं, तांब्याला सोन्याचा भाव होता आणि जूनअखेरीपासून खाणकामगार संपावर होते. मागण्या आपल्या ओळखीच्याच : सुरक्षितता, मजुरी, युनियनच्या माणसांशी होणारा दुजाभाव बंद करा. मेक्सिकन कामगारांना तर कमी मजुरीवर ठेवत आणि खाणीच्या आत जाऊ देत नसत. त्या दिवशी पहाटे शेरिफ हॅरी व्हीलरने दोन हजारांच्या आसपास लोकांना दंडाला पांढऱ्या पट्ट्या बांधून, हाती बंदुका देऊन गावभर पाठवलं. संपकऱ्यांना घरातून, खानावळीतून, बिछान्यातून उठवलं आणि दोन मैल चालवत वॉरन वस्तीतल्या बेसबॉल मैदानात आणून कोंडलं. संप सोडतो म्हणेल त्याला सुटका. ज्यांनी मान हलवली नाही अशा सुमारे बाराशे जणांना गुरं वाहायच्या तेवीस डब्यांत भरलं. डब्यांत शेण तसंच पडलेलं होतं. भर जुलैत वाळवंटातून नेऊन त्यांना न्यू मेक्सिकोत हर्मानासजवळ सोडून दिलं आणि परत आलात तर याद राखा म्हणून बजावलं. बातमी फुटू नये म्हणून तारा आणि टेलिफोनही कंपनीने आधीच ताब्यात घेतले होते. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या चौकशी आयोगाने हे सगळं बेकायदा ठरवलं. शिक्षा कुणालाही झाली नाही. १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे, म्हणून हात वर केले.

ते मैदान आजही आहे. खाण कंपनीच्या जुन्या कचेरीत आता गावाचं संग्रहालय आहे. ज्या इमारतीतून मालकांनी कारभार हाकला तिथेच या दिवसाची हकिगत मांडलेली आहे. २०१७ मध्ये या घटनेला शंभर वर्षं झाली तेव्हा गावकऱ्यांनी स्वतःच तो दिवस पुन्हा उभा केला. हाकलणाऱ्यांच्या आणि हाकललेल्यांच्या घरातली माणसं त्यात होती. टूमस्टोनमधला रोजचा देखावा आणि हा, दोन्ही जवळजवळच्या गावांत झाले. अण्णांशी बोलायला यापेक्षा चांगला विषय तुम्हाला मिळायचा नाही. संग्रहालयातून बाहेर आल्यावर त्यांना त्यांच्या गिरणीतल्या संपांबद्दल विचारा आणि मग गप्प बसून ऐका. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर त्यांना सांगून करा.

क्वीन माइन ही जुनी खाण १९७६पासून लोकांना दाखवतात. पूर्वी दाखवणारे मार्गदर्शक त्याच खाणीत राबलेले निवृत्त कामगार असत. डोक्याला टोपी, टोपीला दिवा, अंगात पिवळा रेनकोट, आणि छोट्या रुळगाडीतून डोंगराच्या पोटात दीड हजार फूट आत. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते, कारण ऐन वेळी त्यावरून घोळ होतो. त्या गाडीत शेजारी शेजारी बसायची खुर्ची नाही. लांब बाकडं आहे, त्यावर घोड्यावर बसतात तसे दोन्हीकडे पाय टाकून बसावं लागतं. आईंना यायचं असेल तर साडी नको, पंजाबी ड्रेस घाला. गुडघा तेवढा वळत नसेल तर नादी लागू नका. दुसरं, आत बारा महिने आठ-नऊ अंश सेल्सियस असतं, स्वेटर आणि कानटोपी हवीच. सव्वा तासाचा फेरा आहे आणि बंद जागेची भीती असलेल्यांना तो फार लांब वाटतो.

आई खाली गेल्या नाहीत तरी त्यांचा वेळ वाया जाणार नाही, आणि इथे मला तुमच्या आणखी एका गृहीतकाबद्दल बोलायचं आहे. तुम्ही लिहिता, "दोघं कंटाळलेत, त्यांना काहीतरी भव्य दाखवायला हवं." भव्य त्यांनी पाहिलं की. ग्रँड कॅन्यनहून भव्य तुम्ही काय आणणार? चँडलरमध्ये त्यांना दार उघडून बाहेर पडलं की माणूस दिसत नाही. चपला घालून कोपऱ्यावर जावं, दोन दुकानं बघावीत, कुणी बसलेलं असेल त्याच्याशी चार शब्द बोलावेत, हे त्यांचं तुटलं आहे. तीन महिने गाडीच्या मागच्या सीटवर बसून पाहिलेली अमेरिका कुणालाही कंटाळवाणी वाटेल. बिस्बीचा मेन स्ट्रीट पायी फिरण्याएवढा आहे. जुन्या भागात चढ इतके बिकट आहेत की पोस्टमन घरोघर जात नाही, लोक टपाल न्यायला स्वतः पोस्टात येतात आणि तिथेच गप्पा छाटतात. पोस्टाच्याच इमारतीत वरच्या बाजूला गावाचं वाचनालय आहे. ते १८८२पासून चालू आहे, ॲरिझोनातलं सगळ्यात जुनं. आईंना एखाद्या बाकावर उन्हात बसवा, हातात कॉफीचा कप द्या. येणारे-जाणारे हमखास बोलतात. या गावात साठीच्या पुढच्यांची संख्या भरपूर आहे आणि साडी बघून चौकशी केल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. इंग्रजी मोडकं असलं तरी नातवंडांचे फोटो दोन्हीकडे असतात.

जिने मात्र टाळा. बिस्बीत राहायला घर घेताना चित्रातली बाल्कनी बघून भुलू नका. तिथपर्यंत किती पायऱ्या आहेत ते फोन करून विचारा. मेन स्ट्रीटच्या पातळीवर, खालच्या मजल्यावर खोली मिळाली तर दोन पैसे जास्त मोजा.

आणि हो, गावाबाहेर पडताना हमरस्त्यालगत लॅव्हेंडर पिट लागेल. नाव एका अधिकाऱ्याचं, रंगाचा काही संबंध नाही. नऊशे फुटांच्या आसपास खोल उघडी खाण. कुंपणाशी उभं राहून पाच मिनिटांत बघून होते, पण अण्णांना सांगा की त्या पोकळीत पूर्वी लोवेल गावाचा मोठा भाग होता. खाण वाढत गेली तशी घरं उचलून दुसरीकडे नेली. आता उरलाय एक रस्ता, जुन्या मोटारी आणि जुन्या पाट्यांसकट.

तीन दिवसांत सहा गावांचा बेत मला मंजूर नाही. चँडलरहून टाओस एका बाजूने आठ-नऊ तास, म्हणजे तीनपैकी दोन दिवस गाडीत. उरलेल्या वेळात गावोगाव भोज्याला शिवून पळायचं. वयस्कर माणसांना घेऊन असा प्रवास केला की सोमवारी रात्री घरात फक्त पाठदुखीच्या मलमाचा वास येतो. माझ्या मते शनिवारी सकाळी निघा, दुपारी सॅन हाविएर, संध्याकाळी बिस्बी. रविवार पूर्ण बिस्बीत. सोमवारी परतीच्या वाटेवर टूमस्टोनचे दोन तास. जेरोम तुमच्यापासून अडीच तासांवर आहे, ते नंतर एखाद्या शनिवारी सकाळी जाऊन रात्री परत येऊन होईल. १९२०च्या दशकात दहा हजारांहून जास्त वस्ती असलेलं ते गाव १९५३ मध्ये खाण बंद झाल्यावर शंभरावर आलं, आणि सुरुंगांनी हादरलेल्या उतारावरून तिथला तुरुंग दोनशे फुटांहून जास्त खाली घसरत गेला. बघण्यासारखं आहे, पण नुसता चढ-उतार. आईंसाठी ते शेवटी ठेवा.

टाओसबद्दलची तुमची अस्वस्थता मला आवडली. ती जपून ठेवा, पण उत्तर तुमच्या-माझ्याकडे नाही, त्या गावकऱ्यांकडे आहे आणि त्यांनी ते दिलेलं आहे. शुल्क किती, कुठवर जायचं, कुठे कॅमेरा चालणार नाही, हे त्यांचंच प्रशासन ठरवतं. जुन्या वस्तीतल्या मातीच्या घरांत त्यांनी आपण होऊन वीज आणि नळ घेतलेले नाहीत. १९०६ मध्ये सरकारने काढून घेतलेलं त्यांचं पवित्र ब्लू लेक चौसष्ट वर्षं झगडून १९७० मध्ये त्यांनी परत मिळवलं. या लोकांना नाही म्हणता येत नाही असं समजू नका. उघडं असेल तेव्हा जा, शुल्क भरा, माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि शक्य असेल तर ज्याच्या दारात उभे आहात त्याच्याकडूनच भाकर किंवा मातीचं भांडं विकत घ्या. ॲकोमातही त्यांच्याच मार्गदर्शकाबरोबर हिंडावं लागतं. यंदा मात्र हा प्रश्नच येणार नाही. हिवाळा सरताना टाओस पुएब्लो, म्हणजे ते आदिवासी गाव, आपल्या विधींसाठी काही आठवडे बाहेरच्यांना बंद असतं, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये इतक्या लांब जाऊन दारातून परत यायची वेळ येऊ शकते. सॅन हाविएरही तोहोनो ओओधाम लोकांच्या भूमीवर आहे आणि तिथे आजही उपासना चालते. अंगणात त्यांच्या बायका छपराखाली तव्यावर रोट्या तळतात. चर्चमध्ये आडव्या झोपलेल्या संताच्या मूर्तीजवळ नवसाचे फोटो आणि चिठ्ठ्या टोचलेल्या असतात. आईंना तिथे काही समजावून सांगावं लागणार नाही.

जेवणाचं सांगते, कारण माळकरी माणसाला घेऊन निघाला आहात. इथल्या जुन्या खानावळींत राजम्यासारखं दिसणारं 'बीन्स' बहुतेक वेळा डुकराच्या चरबीत परतलेलं असतं. पारंपरिक मैद्याच्या पोळीतही ती चरबी असू शकते, भाताला कोंबडीचं पाणी असू शकतं आणि हिरव्या मिरचीच्या रश्श्यात डुकराचं मांस. "व्हेजिटेरियन आहे का" एवढं विचारून भागत नाही. "लार्ड किंवा चिकन ब्रॉथ आहे का" असं नाव घेऊन विचारा. मक्याची पोळी, चीज आणि भाज्या बऱ्यापैकी सुरक्षित. सगळ्यात उत्तम म्हणजे आईंना आदल्या आठवड्यात कडक भाकरी करायला सांगा. या कोरड्या हवेत त्या सोलापूरपेक्षाही चांगल्या टिकतात. बरोबर शेंगाचटणी. ती खाताना आईंना हेही सांगा की मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडातून आपल्याकडे आले. त्यांचा विश्वास बसणार नाही, माझ्या आईचाही बसला नव्हता.

कागदपत्रांत हयगय नको. बिस्बी मेक्सिकोच्या सीमेजवळ आहे. टूमस्टोनहून किंवा टूबॅकहून उत्तरेकडे परतताना रस्त्यावर सीमा गस्तीची चौकी लागते. बहुधा दोन प्रश्न विचारून सोडतात. तरी सासू-सासऱ्यांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची, छापील प्रत गाडीत हाताशी असू द्या. तुम्ही दोघं व्हिसावर असाल तर तुमचेही. परदेशी नागरिकाने ती जवळ बाळगावीत असा इथला कायदाच आहे. त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर गणवेशातला माणूस खिडकीशी आला की अण्णा उगाच घाबरतील.

हेच बेत उन्हाळ्यात आखणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. जुलै ते सप्टेंबर इथे पावसाळा असतो. ढग पाच मैलांवर कोसळतो आणि तुमच्यासमोरचा कोरडा ओढा भरून वाहू लागतो. अडथळा लावलेल्या रस्त्यावरून पाण्यात गाडी घातली तर सुटकेचा खर्च चालकाकडून वसूल करायचा कायदा ॲरिझोनाने १९९५ मध्ये केला आहे, त्याला लोक उघडपणे 'मूर्ख चालकांचा कायदा' म्हणतात. धुळीचं वादळ आलं तर रस्त्यापासून शक्य तितकं बाजूला थांबा, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू राहिले तर मागचा चालक त्यांनाच रस्ता समजून तुमच्यावर येतो. मुलं बरोबर असतील तर उघड्या पडक्या खाणीत डोकावू देऊ नका आणि जमिनीवर सापडलेली खापरं किंवा जुन्या वस्तू खिशात घालू देऊ नका. सरकारी आणि आदिवासींच्या जमिनीवर तो गुन्हा आहे.

राहता राहिले यजमान. पत्रात एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण ती मला दिसते आहे. आजवरच्या सगळ्या सहलींत गाडी त्यांनीच चालवली असणार. "कसला इतिहास" म्हणणारा माणूस पुष्कळदा "मला नऊ तास गाडी हाणायची नाही" एवढंच म्हणत असतो. जाताना टूसॉनपर्यंत तुम्ही चालवा, आणि रविवारी सकाळी त्यांना झोपू द्या. त्या वेळात तुम्ही आणि अण्णा संग्रहालय बघून या. खाणीच्या फेरीला ते येतीलच, यंत्रं बघायला कुठला इंजिनियर नाही म्हणतो. तिकिटं मात्र आजच काढा, जोडून सुट्टीत खाणीच्या फेऱ्या आधीच भरतात. तीन काढायची की चार, हे आईंना बाकड्याचा फोटो दाखवून त्यांनाच ठरवू द्या.